ब्राझीलमध्ये जेवताना या चुका टाळा

रिओमध्ये उतरायचे, समुद्रकिनाऱ्यालगतच्या हॉटेलांत जेवायचे आणि परतल्यावर ‘ब्राझीलचे जेवण म्हणजे घेवडा आणि मांस’ असा निकाल देऊन टाकायचा, हा प्रकार मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की आता त्यावर वाद घालण्याचाही कंटाळा येतो. या देशात पदार्थाला प्रांत असतो, वार असतो आणि बऱ्याचदा वेळही ठरलेली असते. काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मांसाची फेइजोआदा रिओत शनिवारी दुपारी खायची असते. साओ पाउलोत बुधवारीही मिळते. सोमवारी रात्री ती मागणाऱ्याच्या पुढ्यात काय येईल, याची मी हमी देणार नाही.

सर्वांत जास्त गफलत होते ती मोकेका या माशाच्या रश्श्याबाबत. बाइया राज्यात, म्हणजे साल्व्हादोरकडे, त्यात देंदे नावाचे लालभडक पाम तेल आणि नारळाचे दूध पडते. दक्षिणेला एस्पिरितो सांतो राज्यात या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. तिथे ऑलिव्ह तेल, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर आणि रंगापुरते उरुकुमचे बी एवढ्यावरच काम भागते. आमच्याबरोबरचे एक गृहस्थ साल्व्हादोरहून थेट एस्पिरितो सांतोची राजधानी व्हितोरियाला आले होते आणि पहिला घास घेताच ‘यात नारळाचे दूध घालायला विसरलात’ असे त्यांनी वाढणाऱ्या बाईंना सुनावले. बाईंनी शांतपणे तिथली प्रसिद्ध म्हण ऐकवली: मोकेका ती आमची, बाकी सगळे नुसते माशाचे कालवण.

गृहस्थांची हौस एवढ्यावर भागली नाही. व्हितोरियाच्या गोयाबेइरास भागात बायका चाकाशिवाय, हाताने काळी मातीची भांडी घडवतात, उघड्या जाळात भाजतात आणि गरम असतानाच त्यांवर खारफुटीच्या सालीचा अर्क मारतात. या कलेची 2002 मध्ये ब्राझीलच्या अमूर्त वारशात नोंद झाली आणि त्या नोंदवहीतली ती पहिलीच होती. तिथून त्यांनी मोठे भांडे घेतले, कपड्यांत गुंडाळून पुण्यापर्यंत सांभाळून आणले आणि घरी पोहोचताच रिकामेच गॅसच्या मोठ्या आचेवर ठेवले. ते तडकले, हे सांगायला नकोच. मी असे भांडे आतून तेल लावून, मंद आचेवर हळूहळू तापवूनच वापरायला काढते, रिकामे कधीही चढवत नाही आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी तर मुळीच ओतत नाही. मोकेकातही पाणी घालत नाही, कारण टोमॅटो आणि मासा मिळून पुरेसा रस सोडतात. पळीने ढवळल्यास माशाचा चुरा होतो, म्हणून भांडेच कडेला धरून हलवावे. एवढा धीर नसलेल्यांनी स्टीलच्या पातेल्यात करावे, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी चूक बेलेमची. अमेझॉनच्या मुखाजवळच्या या शहरात असाई हे फळ गोड, बर्फाळ मिष्टान्न म्हणून खायचे नसते; तिथे त्याचा दाट, बिनसाखरेचा गर तळलेल्या माशाबरोबर आणि कसाव्याच्या भरड पिठाबरोबर जेवणातच घेतात. हा कसावा म्हणजे आपल्याकडे ज्यापासून साबुदाणा करतात तोच कंद. त्याच्या कडू जातीच्या रसातून तुकुपी हे पिवळे, आंबट सार बनते. कच्च्या रसात सायनाइड तयार होते, म्हणून तो आंबवून बराच वेळ उकळावा लागतो, आणि कसाव्याच्या पानांची मानिसोबा तर सुमारे आठवडाभर शिजवतात. त्यामुळे बेलेमच्या व्हेर-ओ-पेसो बाजारातून तुकुपीची बाटली घेऊन न उकळताच घोट मारणे हे धाडस नव्हे, अडाणीपणा आहे. संध्याकाळी गाड्यावर मिळणारे ताकाका घ्यावे: उकळलेली तुकुपी, कसाव्याची खळ, सुकी कोळंबी आणि जीभ बधिर करणारी जांबू नावाची पालेभाजी. जीभ बधिर झाली म्हणून घाबरू नये, ते अपेक्षितच असते.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगते. वजनावर जेवण देणाऱ्या उपाहारगृहांत साडेबाराच्या आसपास जावे. दोननंतर उरलेसुरलेच मिळते. दक्षिणेकडच्या रोदिझिओत, म्हणजे भाजलेले मांस टेबलाशी पुन्हा पुन्हा आणून वाढतात अशा उपाहारगृहांत, आधी सॅलडवर पोट भरू नये.

शाकाहारी मंडळींची चूक वेगळी असते. ‘मांस नको’ एवढे सांगून ते निश्चिंत होतात आणि मग घेवड्यातच खारवलेल्या डुकराचे तुकडे सापडतात. कोंबडी, हॅम आणि मासा यांची नावे घेऊनच नकार द्यावा. साल्व्हादोरच्या रिओ व्हेर्मेल्यो भागातल्या अकाराजेच्या गाड्यांवर मात्र आशेला जागा आहे, कारण अकाराजे म्हणजे साल काढलेली चवळी आणि कांदा वाटून देंदेत तळलेला वडाच. त्यात भरायचे व्हातापा हे दाट सारण आणि भेंडीचे कारुरू सुक्या कोळंबीशिवाय होत नाहीत, तेव्हा वडा फोडून आत फक्त टोमॅटोची कोशिंबीर घालायला सांगावी, तिखट बेताने मागावे आणि तेल फार जड असल्यामुळे पहिल्या दिवशी एकावरच थांबावे.