पेपर डाऊनलोड करा, पण असे
जळगाव-धुळ्याकडे कोणी पीएचडीला लागलं की पहिला उद्योग हाच, कॉलेजच्या वायफायवर दिसेल तो रिसर्च पेपर ओढायचा. आमच्याकडे एकाने केळीवरच्या करपा रोगाचे पेपर स्क्रिप्ट (आपोआप डाऊनलोड करणारा छोटा प्रोग्राम) लावून रातोरात उतरवले आणि सकाळी अख्ख्या कॉलेजचा जर्नलचा ॲक्सेस बंद, सबमिशन तोंडावर आलेली पोरं लायब्ररीत रडवेली झालेली मी बघितलीत. म्हणून स्क्रिप्ट नकोच भो, आधी ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे पेपरचा सारांश वाचा, लागला तरच उतरवा. स्वतःच्या संशोधनापुरती कॉपी कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये बसते, पण परवानगीशिवाय डेटा उपसणं आयटी कायद्याच्या कलम 43 मध्ये येतं आणि बेईमानीने केलं असं ठरलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ या प्रोग्रामरने एमआयटी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जेस्टोर या जर्नलच्या ऑनलाइन लायब्ररीतले लाखो लेख उतरवले, 2011 मध्ये केस झाली, खटला उभा राहायच्या आतच 2013 मध्ये 26 वर्षांचा तो पोरगा गेला. मला ती केस आजही अन्यायच वाटते, लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन कुलपात का? पेपर मिळत नसेल तर लेखकाला सरळ मेल टाका. भारतातल्या पीएचडीचे थिसिस शोधगंगा या साइटवर फुकट आहेत. सरकारी कॉलेज असेल तर 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल वाचायला देणारी सरकारी योजना सुरू झालीय, लायब्ररीयन सरांना लॉगिनचं विचारा.