आपत्कालीन सरचार्ज: नोटिशीत आधी तारीख शोधा

फॉरवर्डरकडे (निर्यातदारांचा माल जहाजाने पाठवून देणाऱ्या कंपनीत) नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, समुद्री भाडं म्हणजे एकच आकडा. डिसेंबर २०२३ मध्ये हा गैरसमज आठवड्याभरात गळून पडला. तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हौथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू होते. मोठ्या शिपिंग लाइन्सनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला आणि आशिया-युरोप प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. जादा इंधन, महागलेला विमा, वेळेवर परत न येणारे रिकामे कंटेनर, हे सगळं सरचार्ज, म्हणजे भाड्यावरचा जादा आकार होऊन आमच्या मेलबॉक्समध्ये आदळू लागलं. कुणी त्याला ‘ट्रान्झिट डिसरप्शन’ म्हणे, कुणी ‘इमर्जन्सी कंटिन्जन्सी’.

नव्यांनी नावाचा कीस पाडत बसू नये. मी बसले आणि तारीख वाचायची राहिली.

नोटिशीत १ तारखेपासून लागू असं होतं. आमचे चार कंटेनर आधीच्या महिन्याच्या २८ लाच गेट-इन झाले होते, म्हणजे बंदराच्या आत पोचले होते, म्हणून क्लायंटला बिनधास्त जुना रेट कळवला. जहाज रखडलं, बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल घेतल्याची लाइनची पावती) ३ तारीख पडली. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: माल जहाजावर चढल्याची तारीख ग्राह्य. चारही कंटेनरांना सरचार्ज लागला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी नोटिशीची प्रिंट काढली, त्या ओळीखाली पेनने रेघ मारली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं!

अमेरिकेच्या मालाला मात्र वेगळा नियम. तिथे माल लाइनच्या ताब्यात आला त्या दिवशी जो टॅरिफ (लाइनचं जाहीर दरपत्रक) चालू असेल तो धरतात, आणि वाढ करायची तर एरवी ३० दिवस आधी जाहीर करावी लागते. तांबड्या समुद्राच्या वेळी लाइन्सना ही मुदत माफ करून घ्यायला फेडरल मेरिटाइम कमिशनकडे, म्हणजे तिथल्या सागरी वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे जावं लागलं होतं.

तारखेनंतर करार उघडा. रेट ‘ऑल-इन’ (सगळे आकार धरून) लिहिलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. नवे सरचार्ज त्यातून वगळणारं कलम बहुतेक वेळा पुढच्याच पानावर असतं. फ्रेट (भाडं) प्रीपेड की कलेक्ट, म्हणजे पाठवणारा भरणार की घेणारा, हेही त्याच बैठकीत बघून घ्या. नाहीतर बिल भलत्याच्याच नावाने फाटतं आणि मग फोन थांबत नाहीत.

कोटेशनमध्ये सरचार्जची ओळ मी आता कायम वेगळी ठेवते, फ्रेटमध्ये मिसळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरचा गोदी कामगारांचा संप तीन दिवसांत मिटला आणि काही लाइन्सनी जाहीर केलेले सरचार्ज मागे घेतले. ओळ वेगळी होती, म्हणून क्लायंटच्या कोटेशनमधून ती नुसती खोडायची होती.