आईने स्वतःसाठी वेळ कसा मिळवावा

दार लावून पाच मिनिटं शांतपणे आंघोळ केली, याला ‘स्वतःची काळजी’ म्हणणारे लेख मी आता वाचत नाही. आंघोळ, जेवण, झोप आणि वेळेवर औषध घरातल्या प्रत्येकाला मिळतंच. आईला तेच मिळालं की त्याचं बक्षीस कसं काय होतं? इथे मी त्यापुढचं सांगते आहे: आठवड्यातून निदान एकदा, ठरलेल्या वेळी, घराची जबाबदारी खरोखर दुसऱ्या कुणावर असेल असे दोन-तीन तास कसे मिळवायचे.

आधी शरीर तपासून घ्या

थकवा कायमचाच असेल तर रक्त तपासा. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, आणि तो सुट्टी घेऊन जात नाही. थायरॉइडही बघून घ्या, कारण बाळंतपणानंतर ते बिघडू शकतं. खोकताना-शिंकताना लघवी होत असेल तर ‘आई झाल्यावर असं चालायचंच’ हे ऐकून गप्प बसू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून केले की बहुतेकींना फरक पडतो.

बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस उगाच रडू येणं खूप जणींना होतं. पण उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली फक्त दहा प्रश्नांची आहे, ती भरायला मागा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच्या आज कुणाला तरी सांगा.

नेमकं काय कमी पडतंय ते ओळखा

झोप कमी पडत असेल तर झोपा, छंदवर्गाला नाव घालू नका. दिवसभर अंगाशी कुणीतरी चिकटलेलं असेल तर एकटं बसा. चार वाक्यं मोठ्या माणसाशी बोलायला मिळत नसतील तर मैत्रिणीकडे जा. फोन चाळणं यातल्या कशावरच उतारा नाही. तासाभराने उठताना कसं वाटतं ते स्वतःच बघा.

‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला देणाऱ्यांनी तो स्वतः पाळून बघावा. नवजात बाळ दिवसाला चौदा-सतरा तास झोपतं खरं, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि मोठ्या माणसाला हुकमी झोप येत नाही. त्यापेक्षा रात्र वाटून घ्या. एकाने सलग चार-पाच तास झोपायचं, तेवढ्यात उठण्याची पाळी दुसऱ्याची.

वार आणि वेळ ठरवा

‘जमेल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही. कॅलेंडरवर लिहून टाका.

जबाबदारी सोपवा: सगळं इथेच अडतं

वेळ काढणं जमतं. त्या वेळात डोक्यातून घर जात नाही, ही खरी अडचण आहे, आणि माझीही गाडी बरेच दिवस इथेच रुतली होती. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरातल्या या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय जोडपी बऱ्यापैकी मिळून घेतात, असं त्यांना दिसलं. पहिला आणि शेवटचा भाग मात्र बहुतेक बाईच्याच डोक्यात चालू असतो. म्हणून ‘मला सांग ना, मी मदत करतो’ या वाक्याने ओझं हलत नाही. सांगणं हेच तर काम आहे.

सोपवायचं तर काम अख्खं सोपवा. मुलाला झोपवणं सोपवलं तर कपडे बदलणं, पाणी, गोष्ट, तो परत उठला तर काय करायचं, सगळं त्यातच आलं. वीस सूचनांची यादी लिहू नका. यादी लिहिलीत की लक्ष ठेवणं तुमच्याकडेच राहतं. जिवाशी संबंध असलेलं तेवढं लिहून ठेवा: औषधाचं प्रमाण, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर.

दोन तास मिळावेत म्हणून आधी चार तास राबू नका. स्वयंपाक करून, कपडे काढून ठेवून, खेळणी आवरून मग बाहेर पडणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. दमलेल्याच निघतात, दमलेल्याच परततात, आणि घरच्यांना वाटतं की तिला तर सुट्टी मिळाली.

घराबाहेर पडा. शेजारच्या खोलीत बसलात तर मूल तुमच्याच दाराशी येणार आणि सांभाळणारा माणूसही ‘आई आहे की’ म्हणून मोकळा होणार. साधारण आठ महिन्यांनंतर आई दिसेनाशी झाली की बाळं रडतात, हा वाढीचा भाग आहे. नजर चुकवून पळू नका. ‘जाते आणि येते’ असं सांगा आणि निघा. उंबऱ्यावर घुटमळलात तर रडणं लांबतं. अंगावर पाजत असाल तर निघण्याआधी पाजा. काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस.

फोनचा एकच नियम ठेवा: तातडीचं असेल तर कॉल, मेसेज बघणार नाही. ‘निळा शर्ट कुठे आहे’ हे तातडीचं नव्हे. एकदा उत्तर दिलंत की पुढच्या वेळी दहा प्रश्न येतील.

परत आल्यावर तपासणी करू नका. मुलाचा टी-शर्ट उलटा असेल, पसारा असेल, झोपायची वेळ टळली असेल. चालतं. तुम्ही गुपचूप टी-शर्ट सरळ केलात तरी समोरच्याला कळतं की खरी मालकीण परत आली, आणि पुढच्या वेळी तो जबाबदारी अर्धवटच घेतो. मूल सुरक्षित आहे ना, एवढंच बघा.

अपराधी वाटेल. ते जाईपर्यंत थांबलात तर मूल कॉलेजात जाईल. वाटत असतानाच निघा.

सोपवायला कुणीच नसेल तर

एकट्या आईला यातलं निम्मं लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे. तिच्यासाठी मला एकच व्यवस्था टिकलेली दिसली आहे: विश्वासातल्या दुसऱ्या आईबरोबर पाळी लावणं. या आठवड्यात दोन्ही मुलं तुझ्याकडे, पुढच्या आठवड्यात माझ्याकडे. उपकार म्हणून मागितलेला वेळ दोनदा मिळतो, मग मागायची लाज वाटू लागते. पाळीत तशी लाज येत नाही.

वेळ बुडाला तर

आजारपण येणार, परीक्षा येणार, सांभाळणारा ऐनवेळी अडकणार. त्याच आठवड्यातला दुसरा दिवस तिथल्या तिथे ठरवून घ्या. ‘पुढच्या खेपेला दोन्ही एकदम घे’ हे मात्र कबूल करू नका. ते दोन्ही एकदम मिळालेली आई मला अजून भेटायची आहे.