पेट्रोल भरताना पैसा वसूल कसा करायचा : परभणी-जिंतूर रोज जाणाऱ्या गाडीचा हिशेब

मी परभणीत राहते आणि जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. आम्ही चार शिक्षिका एकाच गाडीनं जातो. गाडी माझी, जुनी वॅगनआर. पेट्रोलची वर्गणी चौघींची. दुसऱ्याचे पैसे आपल्या टाकीत पडत असले की हिशेब चोख ठेवावाच लागतो. तो ठेवता ठेवता पंपावर पैसा कुठं खरंच वाचतो, कुठं वाचल्यासारखा नुसता वाटतो आणि कुठं गुपचूप जातो, हे कळत गेलं. शाळेत कुणी नवीन गाडी घेतली की हेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी भावाचं. परभणीचं नाव देशभरातल्या बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा पेट्रोलच्या भावामुळं. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलनं परभणीत शंभरी ओलांडली, तीही मुंबईच्या आधी. कारण साधं आहे. आपल्याकडं तेल कंपन्यांचा डेपो नाही. टँकर येतात मनमाडजवळच्या पानेवाडीहून, अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात. ते भाडं लिटरमागं धरलं जातं आणि राज्याचा व्हॅट टक्क्यांत असल्यामुळं भाड्यावरही कर चढतो. म्हणून संभाजीनगरला भाव बहुधा थोडा कमी दिसतो. कामानिमित्त तिकडं गेलात तर परतताना टाकी तिथंच फुल करा. त्यासाठी मुद्दाम मात्र कुठं जाऊ नका.

उदगीर, निलंगा, उमरगा भागातल्या लोकांना सीमेचा मोह जास्त. कर्नाटकात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त असतं, पण जून २०२४ मध्ये त्यांनीही कर वाढवला आणि फरक बराच आकसला. तेलंगणाचं उलटं. तिथं पेट्रोलवर व्हॅटच ३५.२ टक्के, त्यामुळं देगलूरहून त्या बाजूला जाणार असाल तर टाकी महाराष्ट्रातच भरून निघा. आणि स्वस्तासाठी वाकडी वाट करायची असेल तर आधी कागदावर मांडा. समजा भाव १०६ रुपये आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर देते. म्हणजे एक किलोमीटर पडला साधारण ५ रुपये ८९ पैशांना. लिटरमागं दोन रुपये वाचवायला तुम्ही जाऊन-येऊन तीस किलोमीटर जास्त चाललात आणि तीस लिटर भरलं, तर वाचले साठ रुपये आणि जळले एकशे सत्त्याहत्तर.

हा किलोमीटरचा भाव प्रत्येकानं स्वतःच्या गाडीचा काढावा. डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज अंदाजाचं असतं, त्यावर वर्गणी काढता येत नाही. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर. एकदा काढून भागत नाही, तीन-चार वेळा काढा म्हणजे खरा आकडा बसतो. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, एकट्यानं आणि पाच जणांसकट तो वेगवेगळा येणार. पण एकदा तुमचा नेहमीचा आकडा कळला की गाडीत काही बिघडलं किंवा पंपावर काही कमी पडलं, तर पहिली चाहूल तिथंच लागते.

आता पंपावर. गाडीत बसून काचेतून पैसे देऊ नका, खाली उतरा. माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा हाच. उतरलं की तीन गोष्टी समोर दिसतात : भाव, लिटर आणि रुपये. भाव तुमच्या पेट्रोलचाच आहे का बघा, कारण एकाच मशीनला महागडं प्रीमियमही असतं आणि "कोणतं टाकू?" असं न विचारताच कधी कधी तेच टाकलं जातं. मग शून्य बघा. पंपावरची पोरं "मॅडम, झिरो बघा" म्हणतात, ते म्हणणं पुष्कळदा प्रामाणिकच असतं. पण शून्य एकदा बघून भागत नाही. मधेच नोझल थांबलं तर पुन्हा बघावं लागतं.

हायवेवरच्या एका पंपावर आमच्यासमोर घडलं ते सांगते. आम्ही हजाराचं सांगितलं. दोनशेवर मशीन थांबलं. "ऐकायला चुकलं मॅडम, दोनशेच सेट केलं, उरलेलं टाकतो," म्हणत त्यानं पुन्हा नोझल दाबलं, तोवर दुसरा पोऱ्या काच पुसायला आला आणि कार्ड की फोनपे विचारत राहिला. आकडा दोनशेपासूनच पुढं सरकत हजारावर जाऊन थांबला. आठशे शून्यापासून मोजायचे, ते आधीचे दोनशे धरूनच मोजले गेले. म्हणजे पेट्रोल एकूण हजाराचंच, आणि मागणी आली बाराशेची, दोनशे आधीचे आणि हजार आताचे. माझी मैत्रीण मशीनजवळच उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं, म्हणून हजारावर मिटलं. मशीन मधे थांबलं की सरळ सांगा, "दादा, आधी याचं बिल काढा, मग झिरो करून नवीन सुरू करा." आवाज चढवायची गरज पडत नाही.

मापाबद्दल शंका असेल तर त्यावर सगळ्यात पक्का उपाय म्हणजे पाच लिटरचं माप. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्यानं तपासून शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. याला पैसे पडत नाहीत. मान अरुंद असते आणि मानेवर रेघा. माप आधी पेट्रोलनं ओलं करून रिकामं करतात, सपाट जागी ठेवतात, मग मशीनवर बरोबर पाच लिटर लावून त्यात सोडतात. फेस बसू द्या आणि डोळा रेघेच्या पातळीवर आणून बघा, वरून वाकून बघितलं की आकडा चुकतो. पाच लिटरला पंचवीस मिली इकडंतिकडं चालतं. त्याहून जास्त कमी भरलं तर त्या मशीननं विक्री बंद व्हायला हवी. मी स्वतः हे मागितलंय. मॅनेजरनं थोडं तोंड वाकडं केलं, पण माप आणलं, मोजलं आणि बरोबर निघालं. त्यानंतर त्या पंपावर मी निर्धास्त भरते. बरोबर निघालेलं मापही कामाचंच, आपली शंका जाते.

११० रुपयांचं किंवा २१० रुपयांचं टाकलं की फसवणूक होत नाही, असं आमच्या स्टाफरूममध्येही पक्कं मानतात. त्यात तथ्य नाही. मशीन लिटर मोजतं आणि भावानं गुणतं. २०१७ मध्ये आधी लखनऊला आणि मग ठाणे पोलिसांच्या कारवाईत पंपांच्या मशीनमध्ये बसवलेल्या चिप सापडल्या. अशी चिप असली तर शंभराला जे कमी पडेल तेच एकशे दहालाही पडेल. त्यावर उत्तर पुन्हा पाच लिटरचं मापच.

तसंच पहाटे भरण्याचं. थंड पेट्रोल दाट असतं हे खरं, दहा अंशांना साधारण एक टक्क्याचा फरक पडतो. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. परभणीत मे महिन्यात वर बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापलं तरी खालचं तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसं हलत नाही. तेव्हा पेट्रोल सोयीच्या वेळी भरा. उन्हाळ्यात टाकी फुल केली की स्फोट होतो, ही भीतीही सोडा. फक्त पहिल्या कटनंतर "राउंड फिगर करा" म्हणून वर दाबून भरून घेऊ नका. टाकीतली वाफ धरून ठेवणारा एक डबा गाडीत असतो, त्यात पेट्रोल गेलं की दुरुस्तीचा खर्च राउंड फिगरच्या कितीतरी पट होतो.

भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा. नोझलच्या तोंडचा एक थेंब त्यावर टाकायचा. पेट्रोल चांगलं असेल तर दोनेक मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. घनतेचा आकडा पंपावर लिहिलेला असतो, पेट्रोलला तो १५ अंशांवर ७२० ते ७७५ च्या दरम्यान यायला हवा.

आता इथेनॉल, कारण ॲव्हरेज पडल्याची तक्रार हल्ली सगळीकडं ऐकू येते. आपल्याला साध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. लातूर-धाराशिव-बीडच्या उसाचा आणि कारखान्यांचा या धंद्याशी जवळचा संबंध आहे, त्यामुळं आपल्या भागात याकडं केवळ गाडीवाल्याच्या नजरेनं बघता येत नाही. पण गाडीवाल्याला आकडा माहीत हवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे अठराचं सतराच्या आत येणं ही पंपवाल्याची लबाडी असेलच असं नाही. अठराचं चौदा झालं तर मात्र मेकॅनिककडं जा. गाडी कोणत्या मिश्रणाला चालते ते टाकीच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून आम्हा शिक्षकांसाठी खास सूचना : उन्हाळी सुट्टीत गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर अधूनमधून ती थोडी चालवून आणा. आणि मोठ्या पावसानंतर ज्या पंपाच्या आवारात पाणी साचतं तिथं एक-दोन दिवस भरू नका. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी जातं, आणि गाडी पंपापासून थोडं अंतर जाऊन आचके द्यायला लागते.

"प्रीमियम टाका, इंजिन भारी राहतं" हे ऐकून लिटरला जास्त पैसे मोजणारे पुष्कळ आहेत. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता. गाडीच्या पुस्तकात जास्त ऑक्टेन मागितलं असेल तरच त्याचा उपयोग. माझ्या गाडीला त्याची काहीही गरज नाही, आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना नसते.

भरलेलं पेट्रोल पुरवायचं कसं, हा निम्मा हिशेब. पंपावर हवा फुकट भरून द्यायची असते, पण ती टायर थंड असताना भरा; म्हणजे घराजवळच्या पंपावर, सकाळी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेला असतो. "सगळ्यांना पस्तीस टाकतो" असं म्हणणाऱ्याला नम्रपणे आपला आकडा सांगा. चार जणी आणि डब्यांच्या पिशव्या असल्या की हवा कमी पडलेली लगेच जाणवते.

वेगाचा फरक समृद्धी महामार्गावर दिसतो. जालन्याहून चढलं की रस्ता मोकळा, मर्यादा ताशी १२० ची. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट. ८०-९० वर जाणारी गाडी थोडी उशिरा पोचते आणि बरंच पेट्रोल वाचवते. रेल्वे फाटकावर गाडी बंद करा. दुपारी लिंबाच्या झाडाखाली लावा. उन्हात तापलेली गाडी गार करायला एसी जे खातो ते तरी वाचतं.

पैसे रोख किंवा यूपीआयनं द्या. क्रेडिट कार्डवर इंधनाचा एक टक्का अधिभार लागतो आणि बँका ठरावीक रकमांच्या आतच तो परत करतात, त्यावरचा जीएसटी परत येत नाही. तेल कंपन्यांच्या ॲपमध्ये पॉइंट मिळतात. नेहमी एकाच कंपनीच्या पंपावर जात असाल तर घ्या, पण त्या पॉइंटसाठी पंप बदलू नका.

काही खटकलं तर पंपावरच्या तक्रार वहीत लिहा. वही मागितली की ती द्यावी लागते. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मापाची तक्रार असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न बिलाचा येतो. म्हणून छापील बिल मागून घ्या, त्यावर भाव, लिटर आणि वेळ आहे ना बघा. त्या कागदाची शाई गाडीच्या उन्हात आठवड्याभरात उडते, तेव्हा तिथल्या तिथं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमच्या चौघींच्या ग्रुपवर तो फोटो पडला की वर्गणीही तिथंच ठरते.