‘हरकत’ घ्यायची कशी, कुठे आणि कोणत्या शब्दांत

हरकत हा शब्द आपल्या तोंडात सारखा असतो पण बहुतेक वेळा त्याच्यापुढे ‘नाही’ लागलेलं असतं, काही हरकत नाही, यायला हरकत नाही, चहा घ्यायला काय हरकत आहे, त्यामुळे खरोखर हरकत घ्यायची वेळ आली की माणसं अडखळतात.

मूळ शब्द अरबी, अर्थ हालचाल. हिंदीवाले ‘ये क्या हरकत है’ म्हणतात तेव्हा त्यांना चाळा, कृत्य म्हणायचं असतं, आणि गाण्यात गायक घेतो ती हरकत म्हणजे सुरांची छोटी झटपट हालचाल. आपल्याकडे मात्र ती अडथळा, आक्षेप झाली.

वापरताना एवढं बघा. ती हरकत, अनेक हरकती. हरकत घेतात किंवा नोंदवतात, ‘मी हरकत केली’ कानाला खटकतं. कशाला हरकत आहे ते सांगायलाच लागतं, आणि इथेच विरोध वेगळा पडतो. विरोध माणसाला, पक्षाला, अख्ख्या योजनेलाही असू शकतो, हरकत एका ठरावीक गोष्टीला असते आणि तिच्यामागे कारण लागतं. म्हणून भांडण न वाढवता नाही म्हणायचं असेल तर मला हा शब्द फार जवळचा वाटतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘माझा विरोध आहे’ म्हटलं की समोरचा लगेच बाह्या सरसावतो, तेच ‘पार्किंगला हरकत नाही, गेटसमोरच्या दोन जागांना आहे, अँब्युलन्स वळणार नाही’ असं म्हणा, बोलणं त्या दोन जागांवरच राहतं. विधानसभेत सुद्धा कामकाज नियमाप्रमाणे चालत नाहीये असं वाटलं की आमदार हरकतीचा मुद्दा मांडतात, म्हणजे नियमाला धरून बोलायचं.

घरात जरा जपून. ‘माझी काही हरकत नाही’ हे आई पदराला हात पुसत, दुसरीकडे बघत म्हणाली तर तो होकार समजू नका, परत विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमीन. सातबाऱ्यात बदल व्हायचा असेल तर आधी फेरफार, म्हणजे त्या बदलाची नोंद, धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी साधारण १५ दिवस असतात आणि लेखी हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं मग सुनावणी. तोंडी ‘आम्हाला मान्य नाही’ म्हणून घरी येऊ नका. साधं लिहा: ‘गट नंबर अमुकच्या फेरफार क्रमांक तमुकला माझी हरकत आहे, कारण वारस म्हणून माझ्या बहिणीचं नाव घेतलेलं नाही.’ खाली तारीख, सही, सोबत कागद जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तलाठी ऑफिसमधून हलू नका.