कोहातून नोंदी एकगठ्ठा काढताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात पुस्तकांची मोजणी उरकली की यवतमाळ-वाशीमकडच्या तालुक्याच्या कॉलेजांत पुढचं काम ठरलेलं असतं: कॅटलॉग साफ करणं. कुठे डेटा एन्ट्रीवाल्यानं तीच एक्सेल फाइल दोनदा चढवलेली असते, तर कुठे जुन्या फॉन्टमधली मराठी नावं युनिकोडमध्ये येताना वाचता येईनाशी झालेली असतात. रद्दीत गेलेली पुस्तकं अजून 'उपलब्ध' दिसतात ती वेगळीच. अशा नोंदी एकदम काढायची सोय कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत आहे आणि ती चांगली आहे. फक्त तुम्ही दिलेली यादी बरोबर की चूक, हे ती तपासत नाही. म्हणून सगळी मेहनत यादीवर घ्या. बटण दाबायला अर्धं मिनिट लागतं.

दाखल क्रमांक टाकला, भलतंच पुस्तक गेलं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती होतेही सहज. दाखल नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक १२५० असतो आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तोच बारकोड म्हणून चिकटवतात. कोहा मात्र प्रत्येक शीर्षकाला स्वतःचा बिब्लिओनंबर देतं. एका शीर्षकाच्या पाच प्रती असल्या तरी बिब्लिओनंबर एकच, त्यामुळे १२५० बारकोडच्या पुस्तकाचा बिब्लिओनंबर ८७४ असू शकतो. नोंदी काढायच्या बॅचला, म्हणजे एकगठ्ठा कामाच्या सोयीला, हवा असतो बिब्लिओनंबर. तिथे तुम्ही १२५० टाकलं की ज्या कोणाचा बिब्लिओनंबर १२५० आहे ते पुस्तक यादीत येतं, मग ते बी.एस्सी.चं चालू क्रमिक पुस्तक का असेना. आकडा बरोबर दिसतो, म्हणून कुठलीही सूचना येत नाही. "सिस्टीमनं तं काहीच नाही म्हटलं नं जी," असं मग ऐकायला मिळतं.

ही बॅच आधी त्या शीर्षकावरच्या मागण्या रद्द करते, मग सगळ्या प्रती काढते आणि शेवटी नोंद काढते. एखादी प्रत वाचकाकडे गेलेली असेल तर ती थांबते. मे महिन्यात परीक्षा होऊन मुलांनी पुस्तकं परत केलेली असतात, म्हणजे नेमक्या साफसफाईच्या दिवसांत हा अडसरही नसतो.

क्रमांक टाकल्यावर पुढच्या पडद्यावर शीर्षकं दिसतात आणि प्रत्येकासमोर प्रती, मागण्या व दिलेली पुस्तकं किती ते दिसतं. तो पडदा वाचा. सुरुवातीची, मधली आणि शेवटची काही नावं दाखल नोंदवहीशी ताडून बघा. शून्य प्रती अपेक्षित असताना तिथे सहा दिसल्या तर तिथेच थांबा. फक्त प्रती नसलेल्या नोंदी निवडायचं बटणही याच पडद्यावर असतं.

हातात बारकोडची यादी असेल तर प्रती काढायची बॅच वेगळी आहे, ती वापरा. शेवटची प्रत गेल्यावर रिकामी नोंदही काढायची का, ते तिथे खूण करून सांगता येतं. बारकोड ०१२५० असा असेल तर एक्सेल पुढचं शून्य खातं. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या आणि आकडे इंग्रजीतच ठेवा.

प्रत नाही म्हणून नोंद फालतू धरली

एकही प्रत नसलेल्या नोंदींचा अहवाल काढून सगळ्या उडवायच्या, हा शॉर्टकट बरेच जण घेतात. पण आपल्याकडच्या छोट्या ग्रंथालयांत मासिकांच्या अंकांना बारकोड लावतं कोण? त्यांची नोंद प्रतींविनाच असते आणि तिला वर्गणी जोडलेली असते. नोंद काढली की वर्गणीही जाते आणि आलेल्या अंकांचा हिशेबही. ई-पुस्तकांचं आणि मागवलेल्या पण न आलेल्या पुस्तकांचं तसंच. ही नावं यादीतून आधी वगळा.

अहवालातून थेट बॅचकडे जाताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: बॅच पानावर दिसणाऱ्या ओळींपुरतीच लागते. अहवाल चारशे ओळींचा आणि पानावर वीसच, तर वीसच जातील.

दुबार नोंद उडवली, प्रतीही गेल्या

दोन नोंदी सारख्या आणि दोन्हींखाली खरी पुस्तकं असतील तर एक उडवू नका. दोन्ही निवडून एकत्र करा, म्हणजे प्रती राखलेल्या नोंदीखाली येतात. अख्खी फाइलच दुसऱ्यांदा चढली असेल तर आयात केलेल्या फाइलींच्या यादीतून ती आयातच मागे घेता येते. त्यानंतर त्या नोंदींमध्ये कोणी हातानं दुरुस्त्या केल्या असतील, तर त्याही जातील.

मराठी दुबार नोंदी शोधताना 'शेतकऱ्यांचा' सारख्या शब्दांकडे बघा. त्यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना सारखाच, पण संगणकाला वेगळा. म्हणून शीर्षकाबरोबर आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) आणि लेखकावरूनही जुळणी करा.

ठरावाआधीच पुस्तक कॅटलॉगमधून गायब

जीर्ण पुस्तकं बाद करायला समितीचा ठराव लागतो. तो होईपर्यंत नोंद काढू नका, बॅचनंच त्या प्रतींना 'विथड्रॉन' (बाद) हा दर्जा द्या. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला तर हे जास्तच लागू, कारण वाचनालयाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या बघतात. कॅटलॉग आणि दाखल नोंदवही यांचे आकडे जुळले नाहीत तर तपासणीत उत्तर ग्रंथपालालाच द्यावं लागतं.

बॅकअप आहे, असं गृहीत धरलं

डेबियन या लिनक्स प्रणालीवरच्या कोहाचा रोजचा आपोआप बॅकअप मुळात दोनच दिवसांचा राहतो. चूक आठवड्यानं लक्षात आली तर चांगला बॅकअप केव्हाच पुसला गेलेला असतो. बॅचच्या आधी वेगळा बॅकअप घ्या आणि पेनड्राइव्हवर ठेवा. काढलेल्या नोंदी डेटाबेसमध्ये वेगळ्या तक्त्यांत राहतात खऱ्या, पण तिथून त्या परत आणणं जाणकाराचंच काम. एका वेळी शे-दोनशे नोंदीच घ्या, आणि सर्व्हर यूपीएसवर असल्याशिवाय सुरुवात करू नका. दुपारी लाइन गेली की बॅच कुठवर आली होती, हे शोधण्यातच दिवस जातो.

काढलं, तरी शोधात दिसतंय

नोंद शोधात येते, उघडली तर सापडत नाही? नोंद गेलेली आहे, शोधाची अनुक्रमणिका तेवढी जुनी आहे. पुन्हा बॅच लावू नका, सर्व्हर सांभाळणाऱ्याला झेब्राची (कोहाचा शोध चालवणाऱ्या प्रोग्रामची) अनुक्रमणिका नव्यानं बांधायला सांगा. कोहाच्या नव्या आवृत्त्यांत बॅच मागच्या बाजूला चालते. काम नुसतं 'न्यू' असंच अडकलेलं दिसलं तर वर्कर (ही कामं चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) बहुधा बंद असतो. तो सुरू केला की तेच काम पुढे सरकतं, तीच यादी दुसऱ्यांदा द्यायची गरज नसते.