जुनी गाडी रस्त्यावर आणताना या चुका टाळा

जुनी गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात कुठे जातो, यावरून ती गाडी पुन्हा रस्त्यावर येईल की नाही हे बऱ्यापैकी सांगता येतं. बहुतेक जण जातात रंगाऱ्याकडे. गाडी चकाचक होते, फोटो निघतात, घरचे खूश होतात. मग कळतं की फ्लोअरचा पत्रा कापून नवा जोडायचाय, वायरिंग सगळं ओढायचंय आणि इंजिन उतरवताना साखळी मडगार्डला घासणार आहे. नव्या रंगावर ही कामं करायला कुणाचा हात धजत नाही. गाडी ताडपत्रीखाली जाते आणि काही वर्षांनी ‘थोडंच काम बाकी’ म्हणून विकायला निघते.

माझ्या मते क्रम असा हवा: कागदपत्रं, पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, आणि शेवटचा रंग अगदी शेवटी. पुढची उदाहरणं मुख्यतः फियाट-पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरची आहेत, कारण आपल्याकडे वाड्यांत आणि मळ्यांतल्या शेडमध्ये सापडतात त्या याच.

कागद न बघता इसार देणं

आरसी बुकातला इंजिन नंबर आणि गाडीतला इंजिन नंबर स्वतः बॅटरी मारून वाचा. एके काळी पेट्रोल परवडत नाही म्हणून कितीतरी फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. त्यांतल्या काहींची नोंद आरसीवर झाली, काहींची झालीच नाही. चॅसी नंबराची पट्टी गंजलेली असेल तर तिथे ग्राइंडर लावू देऊ नका. डेंटरने उत्साहात ती जागा घासून पुट्टी भरली, तर नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत तुम्ही काय दाखवणार?

दुसरा गोंधळ ‘व्हिंटेज’ नंबराचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेल्या, खासगी वापराच्या आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नियमात नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. लोक हौसेने इथवर वाचतात आणि पुढचं कलम सोडून देतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी घरच्यांना घेऊन त्र्यंबकला जायचं असेल, तर गाडीची नेहमीची नोंदणी पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढवत राहणं सोयीचं. त्यात ग्रीन टॅक्स येतो, कटकट असते, पण गाडी चालवता येते.

चुंबक घरी विसरणं

फ्रिजला लावायचं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ इथून फिरवा. चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कार्पेट उचला. पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तर दबतो का बघा. वरून दिसणारा गंज स्वस्तात निघतो. खालच्या पट्ट्यांतला, जॅक लावायच्या जागांमधला गंज खिसा रिकामा करतो.

इथे नाशिकपुरती एक गोष्ट. डेंटिंगचं काम मे महिन्यात उघडू नका. पत्रा उघडा करून साधा प्रायमर मारला आणि जूनमध्ये काम थांबलं, तर तो प्रायमर पाणी धरतो आणि खालून गंज पुन्हा सुरू होतो. काम लांबणार असेल तर इपॉक्सी प्रायमर वापरा, किंवा सरळ दसऱ्यानंतर सुरुवात करा.

सगळं एकदम खोलणं

एका शनिवारी चार मित्र जमले की तीन तासांत गाडी खोलून होते. जोडायला माणूस एकच उरतो. एक भाग खोला, त्याचे खोलण्याआधी फोटो काढा, नटबोल्ट पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा, तो भाग संपवा आणि मगच पुढचा घ्या. जुना फाटका रबर किंवा तुटकी क्लिप नवी हातात येईपर्यंत फेकू नका. नमुना दाखवल्याशिवाय दुकानदाराला काही कळत नाही. पद्मिनीच्या सुट्या भागांना मुंबईच्या टॅक्सींचा आधार होता. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथली पद्मिनी टॅक्सी बंद झाली, म्हणजे ते गिऱ्हाईकही गेलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला माल मिळतो, पण तिथे ‘आज दिसलं ते घेऊन ठेवा’ असाच व्यवहार आहे.

इंजिनाला घाईने सेल्फ मारणं

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारला, तर पिस्टनची अडकलेली रिंग तुटू शकते किंवा सिलिंडरवर ओरखडे पडतात. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं, अडखळलं नाही, की ऑइल बदला आणि प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइल प्रेशर येतं का ते बघा. पेट्रोल त्यानंतर.

इंजिन खोलावंच लागलं तर या बाबतीत नाशिककर नशीबवान. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे मापाचा माणूस आपल्याकडे सापडतो. मायकोतून (आताची बॉश) किंवा महिंद्रातून निवृत्त झालेला एखादा फिटर शेजारपाजारी असतोच, आणि मायक्रोमीटर कसा धरायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. तरीही एक चूक सर्रास होते: आधी ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करून, आणतात आणि मग त्या मापाचे पिस्टन शोधत फिरतात. ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्या, ते टर्नरला द्या आणि त्यांच्या मापाने बोअर करून घ्या. क्रँकचंही तेच. दहा थाऊ घासायचा की वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), हे बेअरिंग कुठलं मिळतंय त्यावर ठरवा.

अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचं हेड बिडाचं आहे. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला सांभाळून घ्यायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हेड उतरलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या. नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू आत बसतो, टॅपेटचा गॅप कमी होत जातो आणि कॉम्प्रेशन जातं.

आजच्या पेट्रोलकडे दुर्लक्ष

पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळतं. जुन्या गाडीला आग लागण्याचं हे एक मोठं कारण. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल सोसणारे लावा. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थरही सोडवतं आणि तो कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, म्हणजे जेटमध्ये, जाऊन बसतो, त्यामुळे पहिले काही महिने फिल्टर पुन्हा पुन्हा बदलावा लागेल. या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. गाडी खोकत असेल, प्लग पांढरट निघत असतील तर मेन जेट एक नंबर मोठा करून बघा.

गाडी तापली की बंद, थंड झाली की चालू

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. एप्रिलमध्ये कसारा घाट चढताना किंवा नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता चालू होते. मिस्त्री कार्बोरेटर साफ करतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग कॉइल बदलतात, मग पंप, मग कुणीतरी म्हणतं की इंजिनच गेलं.

गाडी थंड झाल्यावर हा दोष सापडत नाही. बंद पडल्यावर लगेच, रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं राहून तपासावं लागतं.

पहिलं काम, टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी थोड्या वेळात चालू झाली, तर टाकीची हवेची वाट बुजली आहे. खर्च शून्य.

आवाज आला नाही तर स्पार्क बघा. एका प्लगची वायर काढून, रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठसठशीत निळा स्पार्क आला तर इग्निशन ठीक. पिवळट, बारीक किंवा अधूनमधून आला तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. सीबी पॉइंटवर (करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि पॉइंट काळे पडून एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसत असेल, तर कंडेन्सर गेलाय. तापल्यावर दगा देणं ही त्याची जुनी खोड. पॉइंट स्वच्छ असूनही स्पार्क मरतुकडा असेल तर दुसरी चालती कॉइल लावून बघा. कॉइल हाताला गरम लागली म्हणून ती खराब ठरत नाही. चालू गाडीत ती गरम असतेच.

बाजारात नवा मिळणारा स्वस्त कंडेन्सर कधी कधी जुन्यापेक्षा आधी मरतो. म्हणून चालता जुना काढलात तर तो डब्यात ठेवा, गाडीत एक जोडी पॉइंट, एक कंडेन्सर आणि एक रोटर कायम असू द्या. अ‍ॅम्बेसेडरला पॉइंटचा गॅप साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर; फियाटचा मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. दोन्हींचा फायरिंग क्रम १-३-४-२.

स्पार्क ठीक आणि पेट्रोल पोचत नाही, तर व्हेपर लॉक. म्हणजे पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झाली आहे आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. ओलं फडकं पंपावर टाका. जुने टॅक्सीवाले तेच करत. गाडी त्याने चालू झाली तर निदान पक्कं. पण फडकं हा इलाज नाही. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जातोय का बघा, तो लांबून फिरवा आणि पंपाच्या व कार्बोरेटरच्या खालचं जाड, उष्णता अडवणारं पॅकिंग जागेवर आहे का तपासा. कुणीतरी ते काढून कागदी पॅकिंग लावलेलं असतं.

याच्या बरोबर उलट त्रास: गरम गाडीला पेट्रोलचा वास येतो आणि ती चालू होत नाही. तिथे चोक ओढणं हीच चूक. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. चोक निफाडच्या थंडीतल्या सकाळी लागतो, दुपारी नाही.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं

हा उपाय प्रत्येक गॅरेजमध्ये सांगतात. त्याने सकाळी इंजिन धड गरम होत नाही आणि मूळ दुखणं तसंच राहतं. ते बहुधा रेडिएटरमध्ये असतं, कारण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्याने आत क्षार साठलेले असतात. स्पार्कचं टायमिंग मागे गेलं तरी इंजिन तापतं, हेही तपासा. आणि जुन्या रेडिएटरला आजच्या गाडीचं झाकण लावू नका. त्या काळच्या बऱ्याच रेडिएटरना ४ ते ७ पाउंड दाबाचं झाकण असे. १५ पाउंडाचं लावलं तर डाग देऊन जोडलेले जुने सांधे उकलतात.

ब्रेकमध्ये काटकसर

यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम आहेत, बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडर एकेरी. एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे गाडी इंचभर चालवण्याआधी ब्रेक पूर्ण करायचे, त्यात तडजोड नाही. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे असताना फक्त रबर किट टाकली तर काही आठवड्यांत गळती येते. नवा सिलिंडर मिळत नसेल तर स्टीलचा स्लीव्ह बसवून घ्या. अंबडला हे काम करणारे सापडतात.

पेडल काय सांगतं ते ओळखायला शिका. पहिल्यांदा खोल जातं, दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं: शू ॲडजस्ट करायचेत. स्पंजासारखं लागतं: हवा आहे. दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं: कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून सोडतोय, गाडी चालवू नका. एकच चाक घट्ट राहतं, सुटत नाही: त्या चाकाची ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायची) उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर त्याचा रबरी होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो नवाकोरा दिसतो, म्हणून कुणाचं तिकडे लक्ष जात नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाता कामा नये. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत आणि टायर बारा वर्षांचा, असं या गाड्यांत नेहमी होतं.

पहिल्याच फेरीला घाट

आधी गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, मग त्र्यंबक, मग सिन्नर. प्रत्येक फेरीनंतर चाकांचे ड्रम हाताने चाचपा. एखादाच जास्त गरम लागला तर तिथे ब्रेक घासतोय. हेड उतरवलं असेल तर सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा टॉर्कला आवळा. कसारा उतरताना घाटाच्या माथ्यावरच गाडी खालच्या गिअरला घ्या, अर्ध्या घाटात नको. सतत पाय ठेवलेले ड्रम तापून ब्रेक सोडतात आणि त्याची सूचना फार उशिरा मिळते.

पावसाळ्यात जागेवरच इंजिन चालू ठेवणं

आठवड्याला दहा मिनिटं जागेवर चालू ठेवलेल्या इंजिनात पाणी साठतं. ऑइल पुरेसं तापत नाही आणि सायलेन्सर आतून गंजतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून वीसेक किलोमीटर फिरवा. ते जमणार नसेल तर बॅटरीची वायर काढा, कार्बोरेटर रिकामा करा, आणि हँडब्रेक न लावता चाकाला वीट लावा, नाहीतर शू ड्रमला चिकटतात. मळ्यातल्या शेडमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी दिवाळीत पहिला सेल्फ मारण्याआधी एअर क्लीनर उघडून बघावा. उंदरांना ती जागा फार आवडते, आणि तिथून ते वायरिंगकडे वळतात.